माझे भाऊ मागून येताहेत

१

"लगाम दे, आई."

"देणार नाही."

"चार वाजता मुली येतील. त्यांच्या आया फाटकाशी उभ्या राहतील. काय सांगू त्यांना? माझी आई लगाम पोटाशी धरून तबेल्याच्या दारात बसलीय?"

"बसलेली नाही. उभी आहे. डोळे फुटले का तुझे?"

"आणि भिंतीचं काय केलंस ते? सकाळी उठून डांबर फासलंस?"

"काळा रंग आहे. डांबर नाही."

"इतकी वर्षं त्या भिंतीला कुणाला टेकू दिलं नाहीस, आणि आज स्वतःच..."

"भिंत माझी, नियम माझे, रंगही माझाच."

भांडण सकाळी सुरू झालं होतं आणि दुपारचे तीन वाजून गेले तरी चालूच होतं. मधल्या वेळात आम्ही दोघींनी घोड्यांना पाणी पाजलं, खरारा केला, जेवलोसुद्धा, सगळं न बोलता. आणि ताटं धुऊन झाल्यावर जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा धरलं. आमच्या घरात भांडणं अशीच होतात. मी आवाज चढवते, मुलगी उतरवते. तिचा आवाज जितका खाली जातो तितकं माझं डोकं तापतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

मुद्दा साधा होता. तीन नव्या मुली आज पहिल्यांदाच आवाराबाहेर, कालव्याच्या रस्त्याने जाणार होत्या. पुढे घोडीवर माझी मुलगी, मागे तीन घोड्यांवर त्या तिघी. घोडी पुढे नसली तर बाकीचे तिघे फाटकाबाहेर पाऊल टाकत नाहीत. म्हणजे घोडीचा लगाम माझ्या हातात असेपर्यंत कुणी कुठे जाणार नव्हतं. आणि निघायच्या आधी मुलींना भिंतीसमोर उभं करून अकरा नियम पाठ करून घ्यायचे, ही आमची पद्धत. त्यातला चौथा मला त्या मुलींच्या तोंडी नको होता, म्हणून सकाळी तो काळा केला. माझी मुलगी त्या रस्त्यावर नको होती, हे त्याहून मोठं.

"कारण सांग," ती म्हणाली. "एक कारण सांग, मी मुलींना परत पाठवते."

कारण होतं. सांगायची लाज वाटत होती. सत्तरी उलटलेली बाई तसलं काही बोलली की लोक आधी तिच्या हातातून लगाम काढून घेतात, मग घराच्या किल्ल्या. हे मी दुसऱ्या बायकांच्या बाबतीत पाहिलंय, आणि तेव्हा मीही लोकांच्याच बाजूने होते.

२

मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं मी चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, पोत्यांवरून शिकले आणि घोडे घोड्यांकडून. नवरा गेला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. गेला म्हणजे वारला नाही; गेला. मागे दोन घोडे राहिले, त्यातल्या एकाला माणूस चढू देण्याची सवय नव्हती आणि मला चढायची. आम्ही दोघं एकमेकांना शिकवत गेलो. पुढे लोक आपल्या मुलींना माझ्याकडे पाठवू लागले, ते मी चांगलं बसायला शिकवते म्हणून नव्हे. चांगलं बसायला शिकवणारे गणवेशातले पुरुष गावात तीन होते. माझ्याकडून मुली धडधाकट परत यायच्या, म्हणून पाठवायचे.

ते त्या भिंतीमुळे. सामानाच्या खोलीत, जिथे खोगिरं टांगतो तिथे, मी पांढऱ्या तेलरंगाने अकरा नियम लिहिले. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं आहे. एका मास्तरांनी एकदा खडूने दुरुस्त्या केल्या, त्या मी त्यांच्यादेखत ओल्या फडक्याने पुसल्या.

पहिला: कुणासाठीही उतरायचं नाही. कुणी पत्ता विचारला, पडून दाखवलं, रडून दाखवलं, तरी नाही. दुसरा: लगामाला परका हात लागू द्यायचा नाही, आणि "काय गोड घोडी आहे" म्हणत येणारा हात तर मुळीच नाही. तिसरा: रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने जायचं नाही. सहावा: माणसाचं तोंड वाचत बसू नका, घोड्याचे कान वाचा. असे अकरा.

चौथा हा: "एकटीच का?" असं कुणी विचारलं की म्हणायचं, माझे भाऊ मागून येताहेत. आणि मागे वळून हात करायचा.

नुसतं म्हणून भागत नाही, हात करणं महत्त्वाचं. मोकळ्या रस्त्याकडे बघून हात हलवला तर शेंबडं पोरही ओळखेल. नजर घोड्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर ठेवायची, आणि तो आपल्याला ओळखतो अशा बेताने हात हलवायचा, कोपरातून नाही, मनगटातून. मग एखादा बारीकसा तपशील जोडायचा. तो प्रत्येकीने आपापला शोधायचा. माझा होता, "धाकट्याचा घोडा लंगडतोय, म्हणून मागे पडलेत." हा मी कुणा मुलीला दिला नाही, स्वतःसाठी ठेवला.

पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मुलगी माझ्यापुढे खोगिरावर बसलेली होती. वीटभट्टीजवळ दोन माणसं रस्ता अडवून उभी होती, एकाच्या हातात दोरी. मी ते वाक्य जुळवून बोलले नव्हते, तोंडातून निघालं. मागे वळले, हात केला, धाकट्याच्या घोड्याला नावं ठेवली. माणसं बाजूला झाली. 

मला भाऊ नाही. एकही नाही. सख्खा नाही, चुलत नाही. ज्या बाईच्या मागे कुणी म्हणजे कुणी नाही, तिला ते दोघे फार उपयोगी पडले. इतक्या वर्षांत त्यांनी ना जेवायला मागितलं, ना सल्ला दिला. खरे असते तर दोन्ही केलं असतं.

३

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. मंगळवार, सकाळचे दहा. मी एकटीच घोडीला पाय मोकळे करायला कालव्याकडे नेलं होतं. लाकडाच्या वखारीचं कुंपण जिथे वळतं तिथे एक माणूस सायकल उलटी करून बसला होता. चेन पडली म्हणून. पण चेन पडलेल्या माणसाचे हात काळे असतात, याचे स्वच्छ होते. तेवढं मला पन्नास पावलांवरून दिसतं. चष्मा वाचायला लागतो, माणसं ओळखायला नाही.

तो उठून रस्त्याच्या मध्ये आला.

"आजी, एकट्याच?"

मी कुणाची आजी नाही. मुलीने लग्न केलं नाही, त्याबद्दल मी तिला कधी बोलले नाही, निदान हल्ली तरी. पण रस्त्यात असलं काही सांगत बसायचं नसतं.

"माझे भाऊ मागून येताहेत," मी म्हटलं. वळले, हात केला. तपशील जोडणार, तेवढ्यात तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला,

"हो, दिसले मघाशी. सावकाश येताहेत. तो लंगडणारा डाव्या मागच्या पायाने लंगडतो, नाही का?"

चेष्टा मला कळते. पुरुष चेष्टा करतात तेव्हा त्यांना ती ऐकायला दुसरा पुरुष लागतो. इथे कुणी नव्हतं. त्याचं तोंड हसत नव्हतं. दुसऱ्याचं जनावर दुखतंय हे बघून माणूस जसं आपणहून बोलतो, तसं बोलला. बोलून सायकल उचलली आणि मला वाट दिली.

मी पुढे गेले. वीस-पंचवीस पावलांवर वळण आहे, तिथून तिरक्या नजरेने पाहिलं. मी निघून गेल्यावरही तो कुंपणाला पाठ लावून, सायकल छातीशी उभी धरून, अंग चोरून उभाच होता. आणखी घोडे जायचे असले की माणूस राहतो तसा.

माझ्या मनातला धाकट्याचा घोडा कायम डाव्या मागच्या पायानेच लंगडायचा. ते मी कधी कुणाला बोलले नव्हते.

४

मी वेडी नाही, तेव्हा विचार केला.

एक तर इतक्या वर्षांत मी शेकड्यांनी मुली शिकवल्या. त्या सगळ्यांनी कधी ना कधी ते वाक्य रस्त्यात टाकलं असणार. म्हणजे या भागातल्या मवाल्यांना ते तोंडपाठ असलं तर नवल नाही. लंगडा घोडा मी स्वतः पन्नास जणांना सांगितला असेल. त्यातला एखादा दारू पिताना दुसऱ्याला बोलला असेल. पाय उरतात चार. चारातला एक बरोबर सांगणं म्हणजे काही चमत्कार नव्हे.

हे मी नालबंदाला सांगितलं. नालबंद दर दीड महिन्याने येतो, माझ्याच वयाचा आहे आणि त्याला माझी भीती वाटत नाही, म्हणून मी त्याच्याशी बोलते.

"तुमचंच वाक्य फिरून तुमच्याकडे आलं, बाई," तो घोडीचा खूर मांडीवर घेऊन म्हणाला. "माझंही असंच झालं. तरुणपणी मी एक भुताची गोष्ट रचली होती. परवा नातवाने मलाच सांगितली, आणि वर म्हणाला, आजोबा, खरी आहे."

"तू घाबरलास का?"

"घाबरलो नाही. राग आला. माझ्या गोष्टीत भूत शिंकत नव्हतं."

मी हसले. तोही हसला. मग खूर खाली ठेवत म्हणाला, "हिला हल्ली कुठे फार वेळ उभी करता का? मागचे नाल टोकाशी झिजलेत. वाट बघत उभ्या राहणाऱ्या घोड्याचे झिजतात तसे. पाय टेकून टेकून."

"मी हिला कुठेच उभी करत नाही," मी म्हटलं.

"मग तिची तीच उभी राहत असेल," नालबंद म्हणाला, आणि चहा मागितला.

५

ती खरंच उभी राहत होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं असं लिहिलं तर खोटं होईल. लक्षात आलं होतं. मी त्याला म्हातारपण म्हणत होते, आधी तिचं, मग माझं.

वळण आलं की थांबायची. दगड नाही, पाणी नाही, काही नाही. टाच मारली तरी नाही. मान पुढेच, पण दोन्ही कान मागे फिरलेले. घाबरून चपटे झालेले नव्हेत. घाबरलेले कान मानेला चिकटतात. हे मोकळे, सैल होते. तबेल्यातला जोडीदार मागून येत असला की ठेवते तसे. थोडा वेळ जायचा, मग सुस्कारा टाकून आपणहून चालू लागायची. मागचे आले, आता जाऊ या, अशी.

मी मनात आकडे मोजू लागले. पहिल्या आठवड्यात ती प्रत्येक वळणावर साठपर्यंत थांबायची. दुसऱ्यात चाळीस. तिसऱ्यात वीससुद्धा होत नव्हते.

म्हणजे मागचं अंतर कमी होत होतं.

आवाज मी शेवटपर्यंत मान्य केला नाही. कालव्याच्या काठाने कान फसतात. पलीकडच्या काठावर धोपटलेलं कापड अलीकडे वाजतं. पण धोपटणारी बाई लय धरून धोपटते. हे तीन ठोके आणि एक उशीर असं होतं. तीन ठोके, आणि चौथा पाय जपून टेकलेला. आणि त्याच्याबरोबर दुसरं, धडधाकट, चारही पायांचं, लंगड्यासाठी मुद्दाम आवरून धरलेलं. दमदार घोड्याला कुणी आवरून चालवतंय हे मी डोळे मिटून सांगेन.

मी वळून पाहिलं नाही. इतकी वर्षं उठसूट मागे वळून हात केला, आणि आता मान हलेना. तिथे कुणी नसतंच, एवढी खात्री असायची, म्हणून तर वळता यायचं.

६

सामानाच्या खोलीत दोन जुनी खोगिरं आहेत. ज्या घोड्यांची होती ते विकून दहा वर्षं झाली. खोगिरं मी ठेवली, कारण कातडं चांगलं होतं आणि मला टाकवत नाही. वर्षातून एकदा तेल लावते, तेही मीच. मुलीचा हात तिथे पोचत नाही, खुंट्या मी माझ्या उंचीला मारल्यात आणि ती बापासारखी बुटकी.

गेल्या शुक्रवारी दुपारी मी तिथे सुई शोधायला गेले. खिडकीतून ऊन सरळ त्या भिंतीवर येतं. दोन्ही खोगिरांच्या रिकिबी खाली सोडलेल्या होत्या. मी त्या नेहमी पट्ट्याने वर ओढून ठेवते. कुणी ओढाताण केल्यासारख्या नाही, मोजून सोडलेल्या. दोन्ही बाजूंना सारखी भोकं. लांब पायांच्या पुरुषाला लागतात तितक्या.

उंदीर रिकीब सोडत नाही. मुलगी थट्टा करत नाही, तिच्या अंगातच नाही. चोर असता तर खोगीर नेलं असतं.

मी त्यातल्या लहान खोगिराखाली हात घातला. खालची लोकरीची गादी, नमदा, ओला होता. पाण्याने नाही. पाण्याला वास नसतो. घोड्याच्या पाठीवरून नुकता उतरलेला नमदा जसा असतो, तसा ओला, कोमट, आणि त्यावर तांबूस केस. आमच्याकडे तांबडा घोडा नाही. कधीच नव्हता.

मी दार ओढून घेतलं आणि सुई न घेताच स्वयंपाकघरात गेले. मुलगी बटाटे सोलत होती. म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "बटाटे जाड सोलतेस, अर्धा जातो." ती पुढचा बटाटा पातळ सोलू लागली. ती कधी काही बोलत नाही.

७

काल मुद्दाम गेले. रस्ता सोडला असता तर मी माझ्याच नजरेतून उतरले असते, आणि त्या नजरेत चढायला मला फार वर्षं लागली आहेत. वेळ बदलली, सकाळी सात. ऊन पाठीमागून, कोवळं, सावल्या लांब पुढे पडलेल्या.

वखारीच्या वळणावर सायकलवाला होता, आणि आज त्याच्याबरोबर दुसरा, जाडा, गुडघ्यापर्यंत बूट घातलेला. दोघे रस्त्याच्या दोन बाजूंनी आत आले. जाड्याने काही न बोलता घोडीचा लगाम कडीपाशी पकडला. इतक्या वर्षांत माझ्या लगामाला लागलेला पहिला परका हात. मला भीतीच्या आधी किळस आली.

"उतरा आजी. घोडी बघू द्या."

"बघायची असेल तर तिथून बघ. डोळ्यांना हात लागत नाहीत."

"उतरता की उतरवू?"

चाबूक माझ्या बुटात होता आणि त्याचा दुसरा हात माझ्या गुडघ्यावर. मला ठाऊक होतं की चाबूक काढेपर्यंत मी जमिनीवर असेन; या वयात जमिनीवर पडलेली बाई उठत नाही. वाक्य तोंडात तयार होतं, जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना बोलावलं नाही.

"काय हो, आज भाऊ नाहीत वाटतं?" जाडा म्हणाला. म्हणजे सायकलवाल्याने त्याला सांगितलं होतं.

"सोड तिला," सायकलवाला म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "सोड म्हणतो ना."

घोडीचे कान मागे फिरले. मोकळे, सैल.

माझी आणि घोडीची सावली त्या दोघांच्या मधून पुढे, रस्त्यावर पडलेली होती. ती मला दिसत होती, कारण मी खालीच बघत होते. ती रुंद झाली. डाव्या अंगाने तिला एक डोकं फुटलं, मग उजव्या अंगाने दुसरं, जरासं खाली-वर होणारं. घोड्यांचे पाय एकमेकांत इतके गुंतले की मोजता येईनात. सगळं माझ्या सावलीला भिडलं आणि थांबलं. घोडीने सुस्कारा टाकला. माझ्या मानेवर कोमट वारा आला, आणि वारा मुळीच नव्हता.

उजव्या सावलीने हात वर केला आणि हलवला. कोपरातून नाही, मनगटातून.

जाड्याने लगाम सोडला. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने काय पाहिलं ते मला माहीत नाही, आणि तो सांगेल असं वाटत नाही. तो कालव्याच्या उतरणीवरून धावला तो पाण्यातून सरळ पलीकडे. दुसरा सायकल टाकून वखारीत शिरला.

मी वळले नाही. घोडी चालू लागली, मी बसून राहिले. सावल्या पुढे होत्या, म्हणून घरापर्यंत मी डोळे मिटून घेतले होते.

आता मला जे खरं सांगायचंय ते हे. फाटकाशी आले, उतरले, घोडीला आत घेतलं. फाटक लावायचं. माझा हात अडसरावर होता आणि मी फाटक लावत नव्हते. उघडं धरून उभी होते. एक घोडा आत यायला जितका वेळ लागतो तितकी थांबले. मग आणखी थांबले, आणि या खेपेला जरा जास्तच, कारण लंगडा सावकाश येतो. मग अडसर टाकला. हे सगळं माझ्या हाताने केलं, मला न विचारता.

फाटक असं उघडं धरून ठेवायची सवय माझी नाही. ती माझ्या मुलीची आहे. त्यावरून मी तिला किती वेळा फाडून खाल्लंय.

८

हे सगळं मी तिला सांगितलं. तबेल्याच्या दारात, लगाम पोटाशी धरून, साडेतीन ते पावणेचारच्या मध्ये. आधी आवाज चढवूनच सांगत होते, मग तो आपोआप खाली आला, कारण ती मध्ये बोलत नव्हती. हसली नाही. कपाळाला हात लावला नाही. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

"झालं सांगून?" तिने विचारलं.

"झालं. आता मला वेड लागलंय म्हण आणि मोकळी हो."

"त्या माणसाने तुझ्या गुडघ्याला हात लावला होता?"

"लावला होता."

"आणि मग तो पळाला."

"हो."

"मग वाईट काय झालं, आई?"

मी ओरडले. मला भाऊ नाहीत, मी म्हटलं. तोंडातून निघालेली थाप होती ती, दोरीवाल्या दोन माणसांसाठी केलेली. मी कुणाला जन्माला घातलं नाही तुझ्याशिवाय. जे मुळात नव्हतंच ते मागून येत राहतं आणि एक दिवस गाठतं, आता ते आवारात आलंय, मीच घेतलंय त्याला आत, आणि तू त्या तीन मुलींना तेच वाक्य शिकवून तेच करायला लावणार आहेस. प्रत्येकीच्या मागे दोघे दोघे. कालव्याच्या रस्त्यावर तेवढी जागा आहे का, विचार केलास?

"मुलींना दुसरं काय देऊ?" ती म्हणाली. "चाबूक? शिट्टी? तुझ्या भिंतीवरचे बाकीचे दहा नियम मी वापरून पाहिलेत. मला उपयोगी पडला तो चौथाच."

"तुला काय उपयोगी पडलंय मला माहीत आहे. माझ्यामुळे जिवंत आहेस तू. मी ओरडले नसते, मी भांडले नसते तर..."

"माहीत आहे."

"माहीत आहे, माहीत आहे. तुझ्या लहानपणापासून तेवढंच ऐकतेय. तोंड उघड जरा. घाबर. तुझ्या जागी दुसरी असती तर एव्हाना घाबरली असती."

फाटकाबाहेर मुलींचे आवाज आले. एकजण दुसरीला विचारत होती, घोडा चावतो का गं. कुणाची तरी आई म्हणाली, बाईंना विचार, आणि घंटा वाजली. तबेल्यात घोडीने मान वर केली. तिचे कान घंटेकडे गेले नाहीत. ते सामानाच्या खोलीकडे होते.

"मी उघडणार नाही," मी म्हटलं. "आणि तुलाही जाऊ देणार नाही. मारून टाकलंस तरी हा लगाम सुटायचा नाही."

माझी मुलगी पुढे आली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, हाताला चंदीचा वास. तिने माझ्या मुठीवर हात ठेवला, ओढलं नाही. तोंड माझ्या कानाशी आणलं आणि इतक्या हळू बोलली की ऐकायला मला श्वास धरावा लागला.

"ते मला सात वर्षांची असल्यापासून दिसतात, आई, आणि त्यांच्यातलं कुणी माझ्यावर कधी ओरडलेलं नाही."